ती बातमी तीन तास का थांबली : एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना आभाराचे पत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

निवृत्तीच्या दिवशी तुम्ही कोणाला भाषण करू दिले नाहीत, त्यामुळे हे आभार तोंडी मानायचे राहून गेले. पत्र सर्वांसमोर लिहिते आहे, कारण त्या गुरुवारी संध्याकाळी तुम्ही मला जे शिकवलेत त्याची गरज माझ्या एकटीची नव्हती. नोकरी करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकावर कधी ना कधी ती वेळ येते, आणि त्या वेळी शेजारी तुमच्यासारखे कोणी असेलच असे नाही.

प्रसंग तुम्हाला आठवत असेलच. इतरांसाठी थोडक्यात सांगते. आमचे काम दुसऱ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचे पगार काढून देण्याचे. त्या महिन्यात एका ग्राहक कंपनीसाठी बँकेकडे पाठवलेल्या फाइलीत रकमांचा रकाना एका ओळीने खाली सरकला आणि 412 जणांच्या खात्यात यादीतल्या वरच्या माणसाचा पगार जमा झाला. कोणाला हक्काच्या निम्मे मिळाले, कोणाला दुप्पट. मला हे कळले तेव्हा संध्याकाळचे पावणेसात वाजले होते आणि बँकेचे काम उरकलेले होते.

मी घाईघाईने ग्राहकासाठी मेलचा मसुदा लिहिला. तो तुम्ही छापून मागितलात, लाल पेन उघडलेत आणि वाचायला सुरुवात केलीत. मी लिहिले होते, ‘काही तांत्रिक कारणास्तव आपल्या काही कर्मचाऱ्यांच्या वेतनात तफावत झाल्याचे निदर्शनास आले असून योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे.’ तुम्ही ‘काही’खाली रेघ मारून विचारलेत, “काही म्हणजे किती?” मग ‘तांत्रिक’खाली : “रकाना यंत्राने सरकवला का?” मग ‘निदर्शनास आले’खाली : “कोणाच्या?” आणि ‘करण्यात येत आहे’ला तर तुम्ही गोलच केलात. आपली कार्यालयीन मराठी अशी घडली आहे की प्रत्येक वाक्यातून कर्ता पसार होऊ शकतो, असे तुम्ही म्हणालात. पाऊस झाला तशी चूक झाली, त्यात कोणाचा काय दोष! कागदाच्या तळाशी तुम्ही दोनच वाक्ये लिहिलीत : ‘आम्ही आज बँकेला चुकीची फाइल पाठवली. त्यामुळे तुमच्या 412 कर्मचाऱ्यांच्या खात्यात चुकीची रक्कम जमा झाली आहे.’ इतक्या वर्षांच्या नोकरीत मी लिहिलेले एकही वाक्य मला इतके उघडे वाटले नव्हते.

संकट हाताळण्याच्या प्रशिक्षणात हमखास सांगितले जाणारे उदाहरण मला तेव्हा आठवत होते. 1982 मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळले, 7 जण दगावले आणि उत्पादक कंपनीने सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागवल्या. मी ते बोलूनही दाखवले. तुम्ही म्हणालात, “तिथे चूक कंपनीची नव्हती. आपली आहे. ते उदाहरण बाजूला ठेव.” एरवी आदराने ऐकल्या जाणाऱ्या गोष्टीला इतके झटकन बाजूला सारलेले मी प्रथमच पाहिले, आणि आजही मला तुमचे म्हणणे पटते.

मेल नंतर, आधी फोन, हा तुमचा आग्रह होता. फोनपूर्वी तुम्ही मला डॉक्टरांची पद्धत सांगितलीत. कर्करोगाच्या रुग्णांना वाईट बातमी कशी द्यावी यासाठी 2000 साली सहा पायऱ्यांची एक रीत प्रसिद्ध झाली. बोलायला निवांत जागा पाहणे, समोरच्याला आधीपासून काय माहीत आहे ते विचारणे, त्याला किती ऐकायचे आहे याचा अंदाज घेणे, मग बातमी सोप्या शब्दांत सांगणे, त्याच्या भावनांना वाट देणे आणि शेवटी पुढे काय करायचे ते ठरवणे, असा तिचा क्रम. आपल्या बातमीत कोणाचा जीव जात नाही, हे तुम्ही लगेच बजावलेत. पण मला एवढेच हेरायला सांगितलेत की त्या क्रमात बातमी आणि उपाय यांच्यामध्ये एक पायरी आहे आणि ऑफिसातली माणसे नेमकी तीच गाळतात.

मी फोन लावला. त्यांच्या वित्त विभागाच्या प्रमुखांना विचारले, “आज जमा झालेल्या पगाराबद्दल तुमच्याकडे काही तक्रारी आल्या आहेत का?” दोन आल्या होत्या. मग ती दोन वाक्ये म्हटली. पलीकडे शांतता पसरली. मी लगेच ‘पण काळजी करू नका’ म्हणणार होते, तेवढ्यात तुम्ही मसुद्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘थांब’ लिहून कागद माझ्यासमोर सरकवलात. ते काही सेकंद फार लांबले. मग त्या म्हणाल्या, “म्हणजे एकाचा पगार दुसऱ्याला कळला.” आम्ही दोघी तोवर पैशांचाच हिशेब करत होतो, कमी पडलेले दुसऱ्या दिवशी भरायचे, जास्त गेलेले संमतीने परत घ्यायचे, इतका सगळा विचार झाला होता. त्यांच्या दृष्टीने खरी हानी गोपनीयतेची होती. मी न थांबता उपाय सांगत सुटले असते, तर भलत्याच प्रश्नाचे उत्तर देऊन फोन ठेवला असता. पुढची माहिती रात्री नऊला देईन, असे सांगून मी फोन ठेवला. नऊला सांगण्यासारखे नवे काहीच नव्हते, तरीही तुम्ही मला नऊलाच फोन करायला लावलात.

इथवर जे लिहिले ते पूर्वीही मी अनेकांना सांगितले आहे. पुढचे सांगायला मला वेळ लागला.

रात्री सगळे आवरल्यावर तुम्ही विचारलेत की फाइलीतली गडबड पहिल्यांदा कोणाला दिसली. आमच्या विभागातल्या एका तरुण सहकाऱ्याला ती दुपारी पावणेचारला दिसली होती, आणि तोवर फाइल बँकेत पोचली असली तरी थांबवता आली असती. मी त्याच्याविषयी बरेच बोलले. तुम्ही सगळे ऐकून घेतलेत आणि विचारलेत, “तो तीन तास का थांबला?” मला उत्तर येत नव्हते असे नाही. त्याच्याआधी ज्याने मला अशी बातमी आणून दिली होती, त्याला मी सगळ्यांदेखत फैलावर घेतले होते, आणि हा मुलगा तेव्हा त्याच खोलीत बसलेला होता.

त्यानंतर मी या विषयावर वाचत गेले. नकोशी बातमी सांगायला माणूस कचरतो, या प्रवृत्तीला रोझेन आणि टेसर या मानसशास्त्रज्ञांनी 1970 मध्ये ‘मम इफेक्ट’ असे नावच दिले आहे. 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत फुटले आणि 7 अंतराळवीर गेले. यानाला वर ढकलणारी बूस्टर रॉकेटे बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्रीच थंडीमुळे त्यांच्या सांध्यांतल्या रबरी कड्या दगा देतील, उड्डाण नको, असे सांगितले होते. चौकशी आयोगाला आढळले की उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांपर्यंत तो विरोध पोचलाच नव्हता. तो मधल्या पायऱ्यांवर विरला. त्या पायऱ्यांवर बसलेली माणसे दुष्ट नव्हती, माझ्यासारखीच असावीत, असे मला ते वाचताना सारखे वाटत राहिले. याच्या उलट, अमेरिकेत 1976 पासून नासा एक व्यवस्था चालवते, जिथे वैमानिक आपल्याच चुका कळवतात आणि कळवणाऱ्याची ओळख अहवालातून काढून टाकली जाते. वैमानिक आपणहून लिहितात, कारण लिहिल्याने आपल्यावर बालंट येणार नाही याची त्यांना खात्री असते.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत तुम्ही त्या मुलाचे नाव कुठेही येऊ दिले नाहीत. ग्राहकाला गेलेल्या अहवालात नव्हते, वरिष्ठांना दिलेल्या टिपणातही नव्हते. वरिष्ठांनी नाव विचारले तेव्हा “फाइल आमच्या विभागाने पाठवली” इतकेच तुम्ही म्हणालात. तो माझा विभाग होता, तुमचा नव्हता. ‘आमच्या’ म्हणण्याची तुम्हाला काहीच गरज नव्हती. या शब्दाबद्दल मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे.

गेल्या महिन्यात तोच सहकारी भर दुपारी माझ्या टेबलाशी आला आणि उभ्यानेच म्हणाला, “मॅडम, मी चुकीची कपात लावली आहे, 37 जणांना. फाइल अजून गेलेली नाही.” गडबड होऊन दहा मिनिटेही झाली नव्हती. मला राग आला, तो येतोच, पण मी “थांबवलीस ना?” एवढेच विचारले आणि खुर्ची पुढे केली. तुमच्या लाल शाईचा तो कागद माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. ‘थांब’ लिहिलेली बाजू वर ठेवली आहे.

आपली ऋणी,
एक माजी सहकारी