मध्याला, डब्ल्यूच्या वजनाबद्दल

मुंबई, रविवार

प्रिय मध्या,

तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. हे घरात कुणाला सांगून उपयोग नाही, म्हणून तुला लिहितोय.

परवा एका व्याख्यानाला गेलो होतो. सर्नच्या सीएमएस प्रयोगाचा 2024 चा आकडा पडद्यावर आला: डब्ल्यू बोसॉन या मूलकणाचं वस्तुमान 80,360.2 एमईव्ही (कणांच्या वजनाचं एकक), अधिक-उणे 9.9. मूलकणांचा मान्य सिद्धांत, म्हणजे स्टँडर्ड मॉडेल, म्हणतं 80,357. सगळे खूश. मागून एका मुलीने विचारलं, "आणि सीडीएफ?" वक्ते म्हणाले, "ते आता सोडून द्या." लगेच पुढची स्लाइड.

असं कसं सोडून द्यायचं रे? सीडीएफचा आकडा 80,433.5, अधिक-उणे 9.4! त्यांचा अमेरिकेतला कणवेगवर्धक, टेव्हाट्रॉन, 2011 मध्ये बंद झाला, त्यानंतरही ती माणसं दहा वर्षं चाळीसेक लाख डब्ल्यू चाळत बसली. उत्तर आपल्या मनासारखं वळू नये म्हणून आकडा स्वतःपासूनच लपवून ठेवला. 2022 मध्ये जाहीर केला, तर तो मॉडेलपासून सात सिग्मा दूर, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही इतका. पुढच्याच वर्षी सरासरी काढताना तो बाजूला ठेवला, कारण बाकीच्यांशी जुळत नाही. तेवढं मला पटतं.

आता तू म्हणशील, "तुला कायम मॉडेल मोडायचंच असतं." होस्टेलच्या गच्चीवर याच वाक्यावरून आपण आठवडाभर बोललो नव्हतो. पण या वेळी नाही रे. मलाही सीएमएसच बरोबर वाटतं. पण सीडीएफ नेमकं कुठे चुकलं, हे कुणी दाखवलेलं नाही. डब्ल्यू फुटला की त्यातला न्यूट्रिनो न दिसता निसटून जातो, हाती उरतो एकटा म्यूऑन किंवा इलेक्ट्रॉन. त्याचा संवेग दहा हजारांत एक भाग इतका नेमका लागतो. गोम तिथे आहे, की प्रोटॉनच्या पोटातल्या क्वार्कांच्या हिशेबात? कुठेतरी असणारच.

लेपचं आठव, सर्नच्या जुन्या वेगवर्धकाचं. चंद्राच्या ओढीने 27 किलोमीटरचं कडं मिलिमीटरभर ताणलं जायचं आणि कणांच्या बीमची ऊर्जा हलायची. तरी हिशेब जुळेना, तेव्हा फ्रान्सच्या टीजीव्ही गाड्यांचा वीजप्रवाह जमिनीतून बीमच्या नळीत शिरताना पकडला. रात्री गाड्या थांबल्या की गडबडही थांबायची. हे ऐकून तू मेसमध्ये ताट बाजूला सारून नाचला होतास! गुन्हेगार हाती लागेपर्यंत कुणी फाइल मिटली नाही. लेपच्या मोजमापांतूनच तर टॉप क्वार्कचं वजन, तो कण 1995 मध्ये सापडण्याआधीच, अंदाजता आलं. सिद्धांताची परीक्षा तिथेच होते, शेवटच्या काही एमईव्हींत. तिथे बहुमताने निकाल लावायचा?

असो. वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? सायलीला पुण्यात प्रवेश मिळाला का? घराच्या गळतीचं बिल्डरला लेखीच दे.

उत्तर पत्रानेच पाठव. फोनवर तू मला फार लवकर हो म्हणतोस.

तुझा,
नंदू