तासाला सत्तर रुपये म्हणजे हातात किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी ३१ वर्षं टाइम ऑफिसला होतो. हजेरी, खाडे, ओटी (ओव्हरटाइम) आणि पगारपत्रक, हेच माझं काम. आणि माझ्याच घरातल्या पोराचा पगाराचा अंदाज साफ चुकला, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

माझा भाचा निलंगा तालुक्यातला. आयटीआय करून ऑगस्टमध्ये चाकणला कामाला लागला. ठेकेदाराच्या माणसानं फोनवर एवढंच सांगितलं होतं, ‘तासाला सत्तर, आठ तास ड्युटी.’ पोरानं सत्तर गुणिले आठ गुणिले तीस केलं, १६,८०० आले. कॉट बेसिसच्या (एका खाटेपुरतं भाडं) खोलीचे २,५००, मेसचे ३,२००, वरखर्चाला १,५०० धरून त्यानं आईला महिन्याला नऊ हजार पाठवायचं कबूल केलं. बहिणीनं त्या भरवशावर सोसायटीच्या कर्जाचं बोलणं करून टाकलं. सप्टेंबरचा पूर्ण पगार खात्यावर आला तो १२,५०३ रुपये. ‘मामा, ठेकेदारानं चार हजार खाल्ले,’ म्हणत रात्री दहाला तो माझ्या दारात उभा होता.

मी पगारपावती मागितली. पावती नव्हतीच, मोबाइलवर बँकेचा मेसेज तेवढा होता. मग मी वही काढली. साप्ताहिक सुट्टीचा रोज त्याला मिळत नाही, म्हणजे दिवस तीस नव्हेत, सव्वीस. ५६० गुणिले २६, झाले १४,५६०. त्यातून पीएफ (भविष्य निर्वाह निधी) १२ टक्के, १,७४७ रुपये. ईएसआय (कामगार विमा) पाऊण टक्का, वरचा रुपया पूर्ण करून ११०. व्यवसाय कर २००. उरले १२,५०३. रुपयाला रुपया जुळला. ठेकेदारानं एक पैसाही खाल्ला नव्हता. आधी कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. हातातले पैसे २०८ तासांनी (सव्वीस गुणिले आठ) भागले तर सत्तरचे साठ होतात, आणि खर्च वजा जाता आईसाठी नऊ हजारांऐवजी ५,३०० राहतात.

यातला खरा कर फक्त ते २०० रुपये. एवढ्या पगाराला आयकर लागत नाही. व्यवसाय कर १९७५ साली राज्यात आला तो रोजगार हमीच्या खर्चासाठी, फेब्रुवारीत तो ३०० कापतात आणि वर्षाचे २,५०० भरतात. पीएफचे पैसे पोराचेच आहेत, मालकाचे १२ टक्के वेगळे पडतात (त्यातला बराचसा भाग पेन्शनकडे जातो). ईएसआयमुळे आजारपणात दवाखाना मिळतो. हे सांगितल्यावर पोराचा चेहरा जरा सैल झाला. यूएएन (पीएफ खात्याचा) क्रमांक घे आणि पासबुक दर महिन्याला बघ, हे मी त्याला बजावलं आहे. कापलेले पैसे भरले गेले की नाही, हे तिथंच कळतं.

कपात नेहमी बरोबरच असते असं मात्र नाही. आमच्या गल्लीतली एक ताई पॅकिंगला जाते, पगार तेरा हजारांच्या आत. २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना एप्रिल २०२३ पासून व्यवसाय कर माफ आहे. तरी तिचे दरमहा २०० जात होते. आदेशाची प्रत दाखवल्यावर कपात थांबली, मागचे पैसे अजून आलेले नाहीत. काही ठिकाणी तर मालकाचा पीएफचा हिस्साही कामगाराच्या रोजातूनच काढतात. ते बेकायदा आहे, पण पावतीच नसेल तर कामगाराला कळणार कसं?

नव्या पोरांसाठी माझा जुना ठोकताळा सांगतो. तासाचा दर गुणिले आठ, गुणिले सव्वीस. त्यात रुपयामागे दोन आणे (साडेबारा पैसे) सोडा, मग पुरुषांनी आणखी २०० सोडावेत. भाच्याच्या दराला हे १२,५४० येतं, म्हणजे ३७ रुपयांचा फरक. बेसिक (मूळ पगार) आणि घरभाडं वेगळं दाखवलं असेल तर पीएफ कमी कापला जातो, हातात थोडे जास्त येतात आणि पीएफमधली शिल्लक कमी पडते. ओटी यात धरू नका, तो मिळेल तेव्हा मिळेल. त्यावर पीएफ कापत नाहीत. आणि ओटीचा दर दुप्पट असतो, हे विचारायला लाजू नका.

पगारपावती देणं कायद्यानं बंधनकारक आहे. कामगार खात्यानं आणखी एक गोष्ट करावी. पोरगं खोलीचं डिपॉझिट भरण्याआधी, गेटवरच, ठेकेदारानं त्याला मराठीत लिहून द्यावं: दर किती, भरपगारी दिवस किती, हातात किती. आयटीआयमध्ये एम्प्लॉयबिलिटी स्किल्सचा विषय आहेच, त्यातला एक तास पगारपावती वाचायला द्यावा. भोसरी-चाकण भागातल्या कुठल्याही आयटीआयनं बोलावलं तर मी वही घेऊन येईन. मानधन नको.

आपला,
एक निवृत्त टाइम ऑफिस कारकून,
भोसरी, पुणे ३९