कांद्याचा ट्रक फाटकाबाहेर उभा असतो, तो कोणत्याच कागदावर नसतो

महोदय,

प्रादेशिक सहकार्य आणि पुरवठा साखळी यांवरचा कालचा अग्रलेख वाचला. महामार्ग, कॉरिडॉर, नवी बंदरं, सगळं त्यात आलं. बांगलादेश सरहद्दीवरच्या पेट्रापोल नाक्याला मात्र एकच ओळ मिळाली. नाक्याजवळच्या बनगावच्या अलीकडे ट्रक किती दिवस थांबतो आणि का थांबतो, हे न लिहिता शेजारी देशांशी जोडणी या विषयावर अग्रलेख पुरा कसा होतो? नाशिक जिल्ह्यातल्या कांदा व्यापाऱ्याला आणि शेतकऱ्याला रस्ता बुडवत नाही, फाटक बुडवतं.

निफाड-चांदवडकडून पेट्रापोल सुमारे दोन हजार किलोमीटर. पंचवीस टनी ट्रक हे अंतर चार-पाच दिवसांत कापतो. खरा वेळ जातो तो शेवटच्या काही किलोमीटरमध्ये. पैसे भरून ऑनलाइन नंबर घ्यायचा आणि पार्किंगमध्ये थांबायचं. नंबर लागला की चेकपोस्टच्या आत वजनकाटा, माल कीड-रोगमुक्त असल्याच्या फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राची तपासणी, शिपिंग बिल म्हणजे निर्यातीचा कागद, कस्टमची 'लेट एक्सपोर्ट ऑर्डर' म्हणजे माल सोडण्याची परवानगी, मग ट्रकला पलीकडे जाण्याचा कारपास आणि झीरो लाइन, म्हणजे प्रत्यक्ष सरहद्द. पलीकडे बांगलादेशच्या बेनापोलला पुन्हा काटा, पुन्हा नमुने, त्यांचं बिल ऑफ एंट्री म्हणजे आयातीचा कागद, शुल्क भरणं. एवढं झाल्यावर पन्नास किलोच्या पाचशे गोण्या हमालांच्या डोक्यावरून बांगलादेशी ट्रकमध्ये जातात आणि आपला ट्रक रिकामा मागे फिरतो. एकमेकांची वाहनं थेट येऊ देण्याच्या बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ यांच्या बीबीआयएन मोटार वाहन करारावर थिंपूला सह्या झाल्या १५ जून २०१५ ला. भूतानच्या संसदेत तो अडला. उरलेल्या तिघांनी मार्च २०२२ मध्ये पुढच्या समझोत्याचा मसुदा पक्का केला, तरी नाशिकचा ट्रक अजून बेनापोलच्या पुढे जात नाही. गोणी जितक्यांदा उचलाल तितकी कांद्याची पत्ती, म्हणजे वरचं साल, उडते आणि पत्ती उडालेला कांदा ढाक्याच्या बाजारात दुय्यम ठरतो.

आता सप्टेंबर २०२० बद्दल. तुमच्या अग्रलेखात ते साल नाही, म्हणून हे पत्र.

१४ सप्टेंबर २०२० ला विदेश व्यापार महासंचालनालयाने कांदा निर्यातबंदीची अधिसूचना काढली, अंमल त्याच क्षणापासून. विदेश व्यापार धोरणात संक्रमणकाळाची तरतूद आहे: निर्बंध येण्याआधी झालेल्या, अपरिवर्तनीय एलसी (खरेदीदाराच्या बँकेचं पैसे देण्याचं हमीपत्र) उघडलेल्या सौद्याचा माल जाऊ द्यावा. ती तरतूद लागू नाही, असं त्याच अधिसूचनेत स्वच्छ लिहिलं होतं. पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर, हिली, बंगालच्या या सगळ्या नाक्यांवर भरलेले ट्रक जागच्या जागी थांबले. चार-पाच दिवसांनी, ज्यांचं कस्टमचं काम आधी झालं होतं तेवढ्यांना सोडलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. पलीकडे गोण्या उघडल्या तर बराच माल सडलेला.

का सडला, तेही सांगतो, कारण त्या वेळी 'कांदा निकृष्ट होता' असं छापून आलं होतं. सप्टेंबरात जातो तो उन्हाळ कांदा, एप्रिलपासून कांदाचाळीत साठवलेला. चार-पाच महिन्यांत त्याची सुप्तावस्था संपत आलेली असते. चाळीत खालून-बाजूने वारा खेळतो म्हणून तो टिकतो. ट्रकमध्ये पाचशे गोण्यांची थप्पी लागते, वरून ताडपत्री, बाहेर बंगालचा दमट पावसाळा. चालत्या ट्रकला निदान वारा मिळतो, उभ्या ट्रकला तोही नाही. मधल्या थरात उष्णता कोंडते, कांद्याला घाम येतो, पत्तीखाली काळी बुरशी धरते आणि खालच्या गोण्यांना पाणी सुटतं. ताडपत्री सोडली तर पाऊस, बांधली तर कोंडमारा. त्यात ड्रायव्हरचा दोष नव्हता, शेतकऱ्याचा तर नव्हताच.

आणि हे अनपेक्षित नव्हतं. वर्षभर आधी, २९ सप्टेंबर २०१९ ला, अशीच बंदी आली. पुढच्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. आधी सांगितलं असतं तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती, असं त्या उद्योजकांसमोर सगळ्यांदेखत म्हणाल्या. त्यानंतर पूर्वसूचनेबद्दल दोन्ही सरकारांत बोलणी झाली. २०२० च्या बंदीनंतर ढाक्याने त्याची लेखी आठवणही करून दिली. प्रादेशिक सहकार्य म्हणतात ते नेमकं इथे लागत होतं.

डिसेंबर २०२३ च्या बंदीत थोडी सुधारणा झाली. जहाजावर भरणी सुरू झालेला, शिपिंग बिल दाखल होऊन जहाज बंदरात आलेला किंवा कस्टमच्या ताब्यात जाऊन नोंद झालेला माल ५ जानेवारी २०२४ पर्यंत जाऊ शकत होता. नीट वाचा. पहिल्या दोन्ही अटी जहाजाच्या. तिसरी अट कस्टमच्या फाटकाआतल्या मालाची. दोन हजार किलोमीटर येऊन पार्किंगमध्ये रीतसर नंबर लावून उभा असलेला ट्रक यातल्या कशातच बसत नाही. ज्या तारखेला ऑनलाइन नंबर पक्का झाला ती तारीख कस्टमने ग्राह्य धरावी, एवढं एक वाक्य अधिसूचनेत घातलं असतं तरी पुरलं असतं. त्याला नवा पूल लागत नाही, कर्ज लागत नाही.

रेल्वेने हे आणखी सोपं होईल. मे २०२० मध्ये टाळेबंदीत लासलगावचा कांदा रेल्वेने बांगलादेशातल्या दर्शना स्टेशनला गेला. मार्च २०२४ च्या अखेरीस सरकारी कोट्यातला सुमारे १,६५० टनांचा रेक, म्हणजे अख्खी मालगाडीही, तसाच गेला. एक रेक म्हणजे सहासष्ट ट्रक रस्त्यावरून कमी. भरणीच्या स्टेशनवरच वजन, फायटो, कस्टम आणि सील झालं, तर सरहद्दीवर फक्त सील बघायचं राहतं. पण टाळेबंदीत किंवा निर्यातबंदीत धावणारी गाडी एरवी का बंद, याचं उत्तर कोणी देत नाही.

दोष एकट्या दिल्लीचा नाही. बांगलादेशने मार्च २०२३ मध्ये कांद्याच्या आयात परवानग्या थांबवल्या त्या थेट जूनमध्ये सुरू केल्या, म्हणजे आपला उन्हाळ कांदा निघतो त्याच काळात. त्यांच्या शेतकऱ्याला जपणं त्यांचं कामच आहे. तारीख आधी सांगा, इतकंच मागणं. मालदीवशी १९८१ च्या करारानुसार कोटा ठरतो, २०२४-२५ साठी कांद्याचा ३५,७४९ टनांचा कोटा आपली निर्यातबंदी चालू असतानाच जाहीर झाला. बांगलादेशने डिसेंबर २०२२ मध्ये असाच वार्षिक कोटा मागितला होता. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला तो का मिळू नये?

बँकांचंही तेच. तिकडे शुक्रवार-शनिवार सुट्टी, इकडे रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार. दोन्हीकडच्या बँका एकाच वेळी उघड्या असतात त्या सोमवार ते गुरुवार, चारच दिवस. एलसीत एक दुरुस्ती लागली आणि गुरुवार गेला की ट्रकचं हॉल्टिंग, म्हणजे उभं राहण्याचं भाडं, सोमवारपर्यंत चालू. त्यात एलसीवर '५०० गोण्या' असं नगांत लिहिलं असेल तर पाच टक्के कमी-जास्तीची मुभाही मिळत नाही. वाटेत घट होणाऱ्या मालासाठी ती अतिशय गरजेची. निर्यातदारांनी एलसी टनांतच उघडून घ्यावी. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ पासून लागू आहे. शेजाऱ्यांनी सरहद्दीवरच्या कामाचे दिवस आणि वेळा जुळवाव्यात, तपासणी एकत्र करावी, असं त्याच्या आठव्या कलमात आहे. दोन्ही देश त्यात आहेत.

जाता जाता बाजारभावाच्या तुमच्या सदराबद्दल. एखाद्या बाजार समितीत एका ट्रॉलीला मिळालेला कमाल भाव तुम्ही मथळ्यात देता. त्या दिवशी शंभरातल्या नव्वद ट्रॉल्या त्याच्या निम्म्या भावाने गेलेल्या असतात आणि गोल्टीचा, म्हणजे बारीक कांद्याचा, भाव तर छापलाच जात नाही. तो मथळा दिल्लीत वाचला जातो आणि पुढची अधिसूचना तिथूनच सुरू होते. यापुढे किमान, कमाल आणि सरासरी तिन्ही भाव द्या, मथळ्यात सरासरी घ्या आणि त्या दिवशी किती क्विंटल आवक झाली तेही छापा.

आपला,
कांदा निर्यात व्यवसायातील एक वाचक
पिंपळगाव बसवंत, ता. निफाड