काजूबागेच्या मेरेवरची झुडपे राखावीत

मा. संपादक,

महोदय,

माघ सरत आला की गोव्यातील सत्तरी, सांगे, धारबांदोडा या भागांतील काजूबागांत साफसफाईला वेग येतो. गळालेले काजू वेचता यावेत म्हणून झाडाखालची जमीन मोकळी करावीच लागते. परंतु हल्ली ग्रास कटर आणि तणनाशक हाताशी असल्यामुळे ही सफाई झाडाच्या घेरापुरती न राहता मेरेवरची (बागेच्या बांधावरची), गडग्यालगतची (दगडी कुंपणालगतची) आणि ओहळाकाठची झुडपेही त्यात जातात. याकडे बागायतदारांचे लक्ष वेधावेसे वाटते.

नेमक्या याच दिवसांत मेरेवरची धायटी लाल फुलांनी भरते, करवंदीला पांढरा फुलोरा येतो, अंजनीच्या फांद्या निळ्या गुच्छांनी झाकल्या जातात आणि पाणी आटलेल्या शेतांत गोरखमुंडीची जांभळी बोंडे दिसू लागतात. सुरंगीवर तर मधमाश्यांची एवढी झुंबड उडते, की वळेसरासाठी (गजऱ्यासाठी) कळ्या काढणारे पहाटेच झाड गाठतात.

काजूच्या तुऱ्यात नर फुलेच अधिक असतात. फळ धरते ते थोडक्या द्विलिंगी फुलांना, आणि परागकण चिकट असल्याने तिथवर ते मुख्यतः कीटकांच्या अंगावरूनच पोहोचतात. सातेरी व फुलोरी या मधमाश्या, डंख नसलेल्या इवल्या मधमाश्या आणि भुंगे हे काम करतात. काजूचा मोहोर मात्र काही आठवड्यांचा. तो सरल्यावर त्यांची गुजराण मेरेवरच्या फुलांवरच होते. एकेकट्या राहणाऱ्या कित्येक मधमाश्या उघड्या जमिनीत बिळे करतात, भुंगा वाळक्या लाकडात घर कोरतो. पाचोळ्याला काडी लावली की ते लाकूडही जाते. (मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आगी भडकल्या, तेव्हा हेलिकॉप्टरने पाणी टाकावे लागले होते, हेही विसरू नये.)

रानमोडी राखा, असे माझे म्हणणे नाही. ते बाहेरून आलेले तण बी धरण्यापूर्वीच कापलेले बरे. पाने शिवून घरटी करणारे तांबडे हुमले (मुंगळे) मात्र चावतात म्हणून जाळू नयेत, कारण मोहोर करपवणाऱ्या ढेकण्या या किडीला तेच आवर घालतात.

विभागीय कृषी कार्यालयांनी फवारणीचा सल्ला देताना ती मधमाश्या परतल्यावर, सायंकाळी करण्यास सांगावे आणि मेरेचा निदान हातभर रुंद पट्टा पावसापर्यंत न कापण्याची सूचनाही त्यासोबत द्यावी, ही विनंती.

आपला,
एक काजू बागायतदार, सत्तरी