दोन गोळ्यांतला घोळ

मा. संपादक, स. न. वि. वि.

औषधविक्रीच्या काउंटरमागे उभे राहून मला बरीच वर्षे झाली, तरी एक प्रसंग अजूनही चुकत नाही. गर्दी ओसरेपर्यंत बाजूला रेंगाळणारा एखादा तरुण पुढे येतो आणि दबक्या आवाजात ‘पाडायची गोळी’ मागतो. चार प्रश्न विचारल्यावर कळते की संबंध कालच आला आहे आणि पाडण्यासारखे अद्याप काहीच नाही. त्याला हवी आहे ती तातडीची गर्भनिरोधक गोळी.

लेव्होनॉरजेस्ट्रेलची ही १.५ मिलिग्रॅमची गोळी स्त्रीबीज बाहेर पडणे लांबवते. ती ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके बरे, घ्यायची असते. तिला चिठ्ठी लागत नाही आणि गर्भ रुजला असल्यास ती त्याचे काहीच करत नाही. गर्भपाताच्या संचातली मिफेप्रिस्टोनची गोळी मात्र गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनलाच अडवते आणि एक-दोन दिवसांनी घ्यायच्या मिसोप्रोस्टॉलमुळे गर्भाशय आकुंचन पावून गर्भ बाहेर पडतो. हा संच वैद्यकीय गर्भपात कायद्याच्या कक्षेत येतो, नऊ आठवड्यांपर्यंतच वापरता येतो आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. हे बंधन मला जाचक वाटत नाही, कारण गर्भ बीजवाहिनीत रुजला असेल तर या गोळ्या निरुपयोगी ठरतात आणि नलिका फुटून जिवावर बेतू शकते. ते तपासणीशिवाय कळत नाही.

जाच आहे तो कायद्यात नसलेल्या अटींचा. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असताना नवऱ्याची सही मागितली जाते. २०२१च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक निकामी ठरल्याच्या कारणासाठी ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ हे शब्द काढून ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे केले, तरी अविवाहितेला पहिला प्रश्न लग्नाचाच होतो. आमच्या व्यवसायबंधूंपैकी काही जण तर लिंगनिवडीच्या चौकशीचा ससेमिरा नको म्हणून हा संच ठेवतच नाहीत. वास्तविक नऊ आठवड्यांच्या आत सोनोग्राफीत लिंग कळत नाही, त्यामुळे ही धास्ती अनाठायी आहे. पण चिठ्ठी घेऊन दुकाने पालथी घालणाऱ्या बाईचे दिवस मात्र भरत जातात.

या घोळात बातम्याही भर घालतात. ‘गर्भपाताच्या गोळ्या’ असे मोघम लिहिण्याऐवजी आपल्या वार्ताहरांनी औषधाचे नाव छापावे, आणि छायाचित्र देताना पाकिटातल्या गोळ्या मोजाव्यात: संचात पाच असतात, तातडीच्या पाकिटात बहुधा एकच.

— एक औषधविक्रेती
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)