भरदार स्वरासाठी

संपादक महोदय,

‘संगणकातला स्वर पोकळच’ हे आपल्या पुरवणीतले विधान वाचून राहवले नाही. मी चार वर्षे अ‍ॅडिटिव्ह सिंथेसायझरवर, म्हणजे अनेक साधे स्वर एकत्र मिसळून आवाज तयार करणाऱ्या वाद्यावर, स्वर घडवतो आहे. सुरुवातीला माझेही स्वर टेलिफोनच्या डायलटोनसारखे सपाट निघत. मी हार्मॉनिक्स, म्हणजे मूळ स्वरात मिसळणारे वरचे अंशस्वर, वाढवत गेलो, १६ वरून ६४ वर नेले. स्वर भरदार होण्याऐवजी नुसता कर्कश झाला.

चूक संख्येत नव्हती. सगळे अंशस्वर एकाच क्षणी उमटून एकाच वेगाने विरत होते. छेडलेल्या तारेत तसे घडत नाही. वरचे अंशस्वर लवकर विझतात, खालचे रेंगाळतात. प्रत्येकाला स्वतंत्र एन्व्हलप (उमटण्या-विरण्याची चाल) दिले आणि स्वर पहिल्यांदा श्वास घेऊ लागला. ती रात्र मी विसरणार नाही. १९६०च्या दशकात फ्रेंच संगीतकार-संशोधक झाँ-क्लोद रिसे यांनी संगणकाच्या मदतीने ट्रम्पेटचा नाद उलगडला, तेव्हा दिसले की आवाज चढतो तसे वरचे अंशस्वर अधिक बळावतात. म्हणून कीबोर्डची पट्टी जोरात दाबली की तेच जास्त खुलतील, अशी जोडणी मी करतो.

डिट्यूनिंग, म्हणजे दोन स्वरांत किंचित फरक ठेवणे, मात्र अगदी जपून. २२० हर्ट्झसोबत २२०.५ ठेवला की दर दोन सेकंदांनी एक हलकी लहर येते. मला तेवढी पुरते. रिव्हर्ब, म्हणजे खोलीतल्यासारखा घुमारा, सर्वांत शेवटी. आधीच लावला तर कोरड्या स्वरातले दोष झाकले जातात आणि ते दुरुस्त करायचे राहून जातात.

— एक वाचक