एकाच भामट्याची चार खाती

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : वारंवार परतणाऱ्या भामट्याबाबत आपण केलेली ‘योग्य ती कारवाई’

महोदय,

घरातला सागवानी दिवाण विकायला वडिलांनी आपल्या अ‍ॅपवर जाहिरात टाकली. किंमत ९,५०० रुपये. दहा मिनिटांत गिऱ्हाईक हजर. आर्मीत आहे, पुण्यात बदली झालीय, टेम्पो पाठवतो, पैसे आधीच देतो. घासाघीस एका रुपयाचीही नाही. सांगितल्या भावात जुना दिवाण घेणारा माणूस पुण्यात भेटला, तिथेच खटकायला हवे होते. पण त्याने लष्कराच्या ओळखपत्राचा फोटो पाठवला आणि आमचे वडील गणवेशाला मान देणारे. ‘पैसे जमा होण्यासाठी’ आलेला क्यूआर कोड त्यांनी स्कॅन केला, पिन टाकला आणि ९,५०० रुपये उलट त्यांच्याच खात्यातून गेले. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, हे आता त्यांना पाठ झाले आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बँकेलाही कळवले.

माझी तक्रार त्यापुढची आहे. ते खाते मी आपल्याला कळवले. दुसऱ्या दिवशी ‘योग्य ती कारवाई केली आहे’ असा संदेश आला आणि तक्रार बंद. पाचव्या दिवशी बायकोने कूलर विकायला काढला, तर तोच गृहस्थ पुन्हा दारात! नाव नवे, नंबर नवा. ओळखपत्राचा फोटो मात्र तोच, कोपऱ्यात दिसणारा अंगठासुद्धा तोच. (ते कार्ड खऱ्या जवानाचे असेल, तर त्या बिचाऱ्याचीही बदनामी चालू आहे.) पुन्हा कळवले, पुन्हा तेच उत्तर. असे एकूण चार वेळा.

दरम्यान बायकोने कूलरच्या फोटोवर आमचा मोबाइल नंबर लिहिला होता. ती जाहिरात आपण दोन मिनिटांत उडवली. म्हणजे फोटोतले दहा आकडे आपल्या यंत्रणेला वाचता येतात. चार वेळा आलेले एकच ओळखपत्र तिला ओळखता येत नाही, यावर मी विश्वास ठेवायचा का?

नुसता नंबर ब्लॉक करून काही होत नाही, सिम बदलले की तो परत येतो. तो फोटो, तो मोबाइल संच आणि शब्दन् शब्द तोच असलेला मजकूर अडवा. नव्या खात्यावरून चॅटमध्ये क्यूआर कोड पाठवता येणे बंद करा. पोलिसांनी मागितल्यास देता यावी म्हणून चारही खात्यांची माहिती जपून ठेवा. आणि या पत्राचे उत्तर माणसाने लिहावे.

स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. चौथे खाते हे लिहीत असताना चालू आहे.

आपला,
एक ग्राहक, पुणे